सुट्टीचा अभ्यास: कोणता ठेवायचा, कोणता परत द्यायचा

एप्रिल संपता संपता पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक यादी येऊन पडते. साधारण अशी: शुद्धलेखन ४० पानं, पाढे २ ते ३० दोनदा, इंग्रजीचे शब्द अर्थासह, 'पाण्याचे महत्त्व' यावर सचित्र प्रकल्प, एक टाकाऊतून टिकाऊ वस्तू, आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर वर एक 'वर्किंग मॉडेल'. यादी वाचून आई कपाळाला हात लावते, बाप म्हणतो, "जूनमध्ये बघू", आणि मूल अंगणात पळून गेलेलं असतं. नरडाण्यात, बेटावदला, शिंदखेड्याला, थोड्याफार फरकानं सगळ्या खान्देशात हे असंच चालतं. मग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्टेशनरीच्या दुकानात चार्ट पेपर आणि तयार चित्रांच्या पट्ट्यांसाठी झुंबड उडते. त्या गर्दीत बहुतेक मोठी माणसंच असतात, यावरून हा अभ्यास कोण करतं ते कळतंच.

सुट्टीचा अभ्यास असावा की नसावा, या वादात मला फारसा रस नाही. यादी सगळी एका मापाची नसते, तेव्हा ती फोडून बघा. काही अभ्यास असा असतो की तो सुटला तर मुलाचं खरंच नुकसान होतं. बराचसा असा असतो की तो केला काय न केला काय, वहीचं वजन वाढतं एवढंच. आणि काही असा असतो की तो मूल करूच शकत नाही, म्हणून घरचे करतात. पहिला ठेवायचा, दुसरा कमी करून मागायचा, तिसरा परत द्यायचा.

आधी एक साधा हिशेब करू. केंद्राचं २०२० चं शालेय दप्तर धोरण गृहपाठाबद्दल स्पष्ट आहे. पहिली-दुसरीला गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला दिवसाला तासभर, नववीपासून पुढे दिवसाला दोन तास. हे धोरण आहे, कायदा नाही, आणि ही मर्यादा शाळा चालू असतानाची आहे. पण तीच सुट्टीला लावली तरी चौथीच्या मुलाला सहा आठवड्यांत सगळं मिळून बारा तास होतात. आता शुद्धलेखनाचं एक पान लिहायला त्या मुलाला पंधरा ते वीस मिनिटं लागतात. ४० पानांचे दहा ते तेरा तास झाले. म्हणजे एकट्या शुद्धलेखनानंच सगळी शिदोरी संपवली. पाढे, इंग्रजी, प्रकल्प हे सगळं उधारीवर. असा हिशेब कागदावर मांडून वर्गशिक्षकांना दाखवला तर ते रागावत नाहीत. यादी करताना प्रत्येक विषयाचे शिक्षक आपापलं थोडं थोडं घालतात, बेरीज कुणीच केलेली नसते.

शिक्षकांची बाजूही सांगायला हवी. "सर, सुट्टीत काहीच दिलं नाही का? पोरगं दिवसभर मोबाइलमध्ये आहे," हे शाळेच्या फाटकात येऊन विचारणारे पालकच असतात. जास्त अभ्यास देणारी शाळा चांगली, हा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. २०२२ च्या सप्टेंबरात तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी गृहपाठ बंद करण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा विरोध करणाऱ्यांत पालकही होतेच. फ्रान्समध्ये तर प्राथमिक शाळेत लेखी गृहपाठाला १९५६ पासून सरकारी मनाई आहे, तरी उन्हाळ्यात 'सुट्टीच्या वह्या' तिथे दुकानांतून विकल्या जातातच. आईबापांची काळजी सरकारी परिपत्रकानं जात नाही.

मग फायदा होतो का? अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातले हॅरिस कूपर यांनी १९८७ ते २००३ या काळातले गृहपाठावरचे अभ्यास एकत्र तपासले. सातवीपासून पुढच्या मुलांत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध ठळक दिसला, त्याखालच्या वर्गांत फिका. याच कूपर यांनी १९९६ मध्ये उन्हाळी सुट्टीबद्दल मांडलेलं मला जास्त मोलाचं वाटतं. सुट्टीत गणिताची घसरण सगळ्यांचीच झाली. वाचनाचं मात्र घराघरावर ठरलं. खात्यापित्या घरातल्या मुलांचं वाचन उलट थोडं सुधारलं, गरीब घरातल्यांचं मागे गेलं. ही घसरण वाटते तेवढी मोठी असते का, यावर पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, आणि अमेरिकेची सुट्टी आपल्यापेक्षा बरीच लांब असते. पण आपल्याकडचा एक मोठा दाखला आहेच. कोविडमध्ये शाळा बंद असताना अझीम प्रेमजी फाउंडेशननं पाच राज्यांतल्या दुसरी ते सहावीच्या सोळा हजारांवर मुलांची पाहणी केली. आदल्या वर्षी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य ९२ टक्के मुलं विसरली होती, गणितातलं ८२ टक्के. दीड महिन्याची सुट्टी म्हणजे कोविड नव्हे. तरी काय गंजतं ते यातून कळतं: वाचन आणि आकडेमोड. 'पाण्याचे महत्त्व' कुणी विसरत नाही. आपल्याकडे तर मे महिन्यात मुळीच नाही.

वाचनाबद्दल खान्देशातल्या पालकांना जरा वेगळं सांगावं लागतं. पुण्यातलं मूल सुट्टीत पुस्तक उघडत नसलं तरी घरात, दारात, टीव्हीवर पुस्तकातल्यासारखीच मराठी ऐकत असतं. आपल्या गावांत घरची बोली अहिराणी. शाळा बंद झाली की पोराच्या कानावर 'डोळा' पडत नाही, 'डोया' पडतो. 'शाळा' नाही, 'शाया'. यात कमीपणा काहीच नाही, बोली गोड आहे आणि ती टिकलीच पाहिजे. पण दुसरी-तिसरीतलं मूल नुकतं कुठे जोडाक्षरं फोडायला शिकलेलं असतं, आणि पुस्तकाच्या भाषेशी त्याची गाठ फक्त शाळेत पडत असते. दीड महिना ती पडली नाही तर जूनमध्ये ते पुन्हा अक्षराला अक्षर लावत बसतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलाचं तर दुप्पट. म्हणून यादीतलं बाकी काहीही सुटलं तरी चालेल, रोजचं वाचन सोडू नका.

ते कसं करायचं? मोठ्यानं, पंधरा मिनिटं, सकाळी आठच्या आत किंवा रात्री खाट बाहेर टाकल्यावर. दुपारी नको. ४४ अंशांत कूलरपुढेसुद्धा डोकं चालत नाही, आणि वीज गेली की तेही गेलं. धड्याचं पुस्तकच हवं असं नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत. घरात एकच मोबाइल असेल आणि तो एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या बापाबरोबर जात असेल, तर दोन-तीन अंकांच्या झेरॉक्स काढून आणा. एका चार्ट पेपरच्या प्रकल्पापेक्षा स्वस्त पडतं. शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं सुट्टीत कपाटात कुलूपबंद असतात. शेवटच्या दिवशी मुख्याध्यापकांना भेटून मुलाच्या नावावर चार पुस्तकं मागा. मागितल्यावर नाही म्हणणारे मुख्याध्यापक थोडे.

"आम्हाला वाचता येत नाही, आम्ही काय बघणार?" असं पुष्कळ आया म्हणतात. बघायचं नाहीच, ऐकायचं. मूल अडखळतंय का, ओळ गाळून पुढे पळतंय का, हे भाकरी थापतानाही कळतं. वाचून झालं की गोष्ट काय होती ती त्याला अहिराणीत सांगायला लावा. पुस्तकातली गोष्ट आपल्या बोलीत सांगता आली म्हणजे ती समजली. याहून चांगली परीक्षा शाळाही घेत नाही. धाकटं भावंड असेल तर त्याला वाचून दाखवायचं काम मोठ्यावर टाका. पोरं एकमेकांसमोर कमी लाजतात.

गणितासाठी रोज पाच उदाहरणं पुरेत. हातच्याची बेरीज, उसनवारीची वजाबाकी, एक गुणाकार, एक भागाकार, एक शाब्दिक. पाढे लिहून काढण्यात अर्थ नाही. तीसचा पाढा दोनदा लिहिणारं मूल उभ्या रांगेत एकक आधी भरतं, मग दशक, हे कुठल्याही शाळेतली पोरं करतात आणि त्यात पाढा डोक्यापर्यंत पोचतच नाही. पाढा तोंडी विचारा, उलटसुलट विचारा. यादीत 'पाढे दोनदा लिहा' असेल तर शिक्षकांना सांगून टाका की आम्ही लिहिणार नाही, जूनमध्ये तुम्ही तोंडी घ्या. बहुतेकांना ते आवडतं, तपासायच्या वह्या कमी होतात.

आता प्रकल्प. इथे मी थोडा कडवट होणार आहे. स्टेशनरीच्या दुकानातून छापील चित्रं आणायची, ताईनं कापायची, आईनं चिकटवायची, माहिती मोबाइलवरून उतरवायची, हल्ली तर एआयला विचारून एका मिनिटात निबंधच मिळतो, आणि पोरानं वर फक्त नाव घालायचं. याला अभ्यास म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी ज्वालामुखी अजून थर्माकोलचाच होतो. जो प्रकल्प मुलाला मोठ्या माणसाच्या हाताशिवाय होणार नाही, तो शिक्षकांशी बोलून बदलून घ्या. "त्याऐवजी हे केलं तर चालेल का?" असं विचारलं की सहसा अडचण येत नाही.

'हे' म्हणजे काय, तर जे घरात तसंही चाललेलं असतं. मे महिन्यात आपल्या प्रत्येक अंगणात कुरडया होतात. त्यात विज्ञानाची दोन-तीन प्रकरणं आहेत, आणि पोरं त्या वेळी तिथेच घुटमळत असतात, गरम चीक खायला. पहिल्या दिवशी गहू भिजत घालतात तेव्हा त्याला वजन करून लिहायला लावा, समजा पाच किलो. पुढे तीन दिवस रोज पाणी बदलताना वास कसा आहे, पाण्यावर फेस आहे का, दाणा चिमटीत दाबला तर काय होतं, एवढं एका ओळीत. चौथ्या दिवशी वाटून चोथा गाळला की चीक रात्रभर ठेवतात. सकाळी वर पिवळसर पाणी आणि खाली पांढरा घट्ट थर. ते पाणी का ओतून टाकायचं? हे आजीला विचारायचं आणि तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहायचं. मग जितका चीक तितकं पाणी उकळायला, मीठ, हिंग, आणि चीक ओतताना एकानं ओतायचा, दुसऱ्यानं दांड्यानं घाटायचा, हात थांबला की गुठळी. गुठळी का होते? सोऱ्यातून साडीवर घातलेली कुरडई किती तासांनी उलटता येते, किती दिवसांत कडक वाजते, आणि शेवटी पाच किलो गव्हाच्या कुरडया किती किलो भरल्या? बाकीचं वजन गेलं कुठे? दहा-बारा ओळींचा हा कागद, अक्षर वाकडं असलं तरी, छापील चित्रांच्या चार तक्त्यांना भारी आहे. मोबाइलवर त्याचं उत्तर मिळत नाही, कारण तुमच्या घरच्या चोथ्याचं वजन कुणाकडे नाही. (उकळत्या पातेल्याजवळ पोराला घाटायला बसवू नका. त्यानं लांबून बघायचं आणि लिहायचं.)

ज्यांच्याकडे वाळवणं होत नाहीत त्यांना नरडाण्याच्या आसपास विषयांची वाण नाही. सोनगीरची तांब्यापितळेची भांडी प्रसिद्ध आहेत. तांबटाच्या दुकानापुढे अर्धा तास उभं राहून ठोके ऐकायचे, पत्र्याचा हंडा कसा होतो ते टप्प्याटप्प्यानं लिहायचं. मुडावदला तापी-पांझरा संगमावर कपिलेश्वराच्या दर्शनाला जाणं होतंच, तिथे मे महिन्यात कोणत्या नदीला पाणी आहे, कोणती कोरडी, आणि का, हे विचारायचं. स्टेशनवर सुरत-भुसावळ मार्गाचं वेळापत्रक घेऊन नरडाणा ते अमळनेर गाडीला किती वेळ लागतो, ताशी वेग किती पडतो, हे पाचवीच्या मुलाला काढता येतं. सगळं नको, एकच. आणि आखाजीला आलेल्या आत्या-मावश्यांकडून झोक्यावरची गाणी उतरवून घेणं हा तर आयता विषय आहे, फक्त आखाजी एप्रिलमध्येच आली तर तो सुट्टीआधी सुचायला हवा. अहिराणी लिहिताना शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या नाहीत, एवढं शिक्षकांनाही सांगून ठेवा.

मामाच्या गावाला जाताना दप्तर नेऊ नका. एक वाचायचं पुस्तक, एक वही, एक पेन्सिल. लग्नघरात अभ्यास होत नाही हे आपल्यालाही ठाऊक असतं, तरी दप्तर जातं आणि तसंच परत येतं, आणि परतीच्या एसटीत त्यावरून पोराला बोलणी बसतात. सुट्टीचा पहिला आठवडा काहीच नको. नंतरचे चार आठवडे, आठवड्यातले चार-पाच दिवस, लहानांना अर्धा तास आणि सहावीच्या पुढच्यांना तासाभराच्या आत. शाळा १५ जूनच्या आसपास उघडते, तेव्हा शेवटचा आठवडा झोपेची वेळ मागे आणायला आणि वह्यांना कव्हर घालायला ठेवा. एवढ्यात जे बसत नाही ते जास्तीचं आहे.

दिवाळीची सुट्टी वेगळी असते आणि तिचा अभ्यास देताना शिक्षकांनी शेताकडे बघायला हवं. तेव्हा आपल्याकडे कापूस फुटलेला असतो, वेचणीला मजूर मिळत नाहीत, आणि घरची सगळी माणसं, पोरांसकट, सकाळी शेतात असतात. कायदा इथे दोन गोष्टी वेगळ्या करतो. घरच्या शेतीत सुट्टीत हात लावणं चालतं, काम धोक्याचं नसेल तर. चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीवर धाडणं चालत नाही. फवारणीच्या आसपास तर घरच्या पोरालाही फिरकू देऊ नका. अशा दोन-अडीच आठवड्यांत २५ पानं निबंध देऊन उपयोग नाही. त्यापेक्षा वेचणीचा हिशेब द्यावा: आज कुणी किती किलो वेचला, किलोला दर काय, कुणाला किती पैसे निघाले, चार दिवसांची सरासरी किती. रात्री काट्यापुढे हा हिशेब होतोच, तो पोराच्या वहीत होऊ द्यायचा. पुष्कळदा बापालाही तो तपासून मिळतो.

मोठ्या वर्गांचं थोडक्यात. राज्यानं २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होणं पुन्हा सक्तीचं केलं. त्यात जे अडकले त्यांची फेरपरीक्षा होते, तेव्हा त्यांच्या यादीतलं बाकी सगळं बाजूला ठेवून राहिलेल्या विषयाचाच अभ्यास करा, आणि नेमकं काय आलं नाही ते निकालाच्या दिवशीच शिक्षकांकडून कागदावर लिहून घ्या. नववीतून दहावीत जाणाऱ्यांनी दहावीची पुस्तकं घाईनं उघडण्याआधी नववीचं बीजगणित आणि इंग्रजीचं व्याकरण पक्कं करावं. सुट्टीतले जादा तास लावायचे की नाही हे पोराला विचारून ठरवा; शेजारच्यानं लावले म्हणून नको.

शिक्षकांना एवढंच विचारायचं आहे: जूनमध्ये हे कोण बघणार? ६० मुलांच्या ४० पानांच्या वह्या म्हणजे २,४०० पानं. ती कुणी वाचत नाही, शेवटच्या पानावर लाल टिक पडते, आणि पोरं ते लगेच ओळखतात. कमी द्या, पण बघा. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते, तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी स्वतःच्या हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. गाडीनं इथून काही स्टेशनांवर घडलेली ही गोष्ट आहे. तेवढं आज कुणाकडून मागत नाही. पण शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात मुलांनी आणलेले कागद भिंतीवर लावले आणि प्रत्येकाला दोन मिनिटं बोलायला दिली, तर पुढच्या वर्षी यादी न देताही पोरं काहीतरी घेऊन येतात.

आणि अभ्यास झालाच नाही तर? १४ जूनच्या रात्री आईनं डाव्या हातानं अक्षर बदलून शुद्धलेखन पुरं करायचं नाही. एक चिठ्ठी द्या: "सुट्टीत रोज वाचन आणि पाच गणितं झाली आहेत. शुद्धलेखन दहा पानं झालं आहे. बाकी झालेलं नाही." सही करा. त्यावरून कुणी मुलाला उन्हात उभं केलं किंवा वर्गात हिणवलं, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं. शांतपणे मुख्याध्यापकांच्या कानावर घाला.

खरं बोलायची जागा त्याच्या आधीची आहे. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि कायद्यानं तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात. विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघ. मार्च-एप्रिलच्या बैठकीत सुट्टीच्या अभ्यासाचा विषय घ्यायला लावा: कोणत्या वर्गाला किती तास, प्रकल्प एकच, आणि जूनमध्ये तपासणी कशी. सह्या करून चहा पिऊन उठायच्या आत. यादी मोबाइलवर येऊन पडल्यावर त्यात फारसं काही हलत नाही.